तेल तर नाही ना टाकलं?

बंद पडलेली हार्ड डिस्क घेऊन कोणी दारात उभं राहिलं, की धोटेकाका तिला हात लावण्याआधी विचारतात, "तेल तर नाही ना टाकलं?"

माणूस हसतो. डिस्कमध्ये तेल कोण टाकेल? काका मात्र हसत नाहीत. उत्तर मिळेपर्यंत दार अडवून उभे राहतात.

काका इथे जबलपूरच्या कारखान्यात फिटर होते. आता निवृत्त, घमापूरला एकटेच राहतात. "मशीन बोलते, माणूसच ऐकत नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान वीसदा ऐकलंय. आमच्या मराठी मंडळात कोणाची डिस्क फिरेनाशी झाली, की दुकानाआधी काकांकडे जायचं हा रिवाज. त्यांची फी एकच. डिस्क चालली तर एक फोटो दाखवायचा, आणि तोही मंडळाच्या कार्यक्रमाचा. काश्मीर-बिश्मीर चालत नाही.

"बर्फ काय पाहू? हळदीकुंकवाचं काही आहे का?"

"काकांना साड्या पाहायच्या असतात!" बायका त्यांच्या तोंडावर म्हणतात. काका कान खाजवतात.

मागच्या महिन्यात मीच गेले. मी मंडळाची सचिव. सतरंज्यांपासून चमच्यांपर्यंत सगळ्याची यादी माझ्याकडे असते. पण आधीच्या सचिवांनी सोपवलेले मंडळाचे सगळे जुने फोटो एकाच डिस्कवर होते, आणि 'दुसरी प्रत काढणे' हे काम तीन वर्षं यादीतच राहिलं होतं. त्या सकाळी डिस्क फिरेना.

"तेल?"

"नाही हो काका."

"पडली?"

"नाही. तीन वर्षं कपाटात होती."

"अच्छा. अन् तू काय करून राहिली होती, वर्षा? याद्या?"

त्यांनी आधी अडॅप्टर बदलून पाहिला. "पहले तार, फिर बीमार." डिस्क गप्पच. मग ती तळहातावर ठेवून हळूच कलती केली. आतली तबकडी फिरत असली, की भोवऱ्यासारखी हाताला विरोध करते म्हणे. विरोध नव्हता. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर, मूठ कानामागच्या हाडावर. कारखान्यात बेअरिंग असंच ऐकायचे. मी पंखा बंद केला.

"जिवंत आहे. मोटर जोर लावून राहिली, पण वाचणारी सुई तबकडीला चिकटली. एकदम मुकी असती, तर सर्किट जळालं म्हटलं असतं."

"मग उघडून सोडवा ना!"

"उघडायची नसते!" काका एवढ्या जोरात ओरडले की मी खुर्ची मागे सरकवली. मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "धूळ जाते बेटा."

वायर जोडलेली असतानाच त्यांनी मनगटाला एक झटका दिला, कुलपात किल्ली फिरवावी तसा. डिस्क घूंऽऽ करून फिरू लागली.

"चलो, कॉपी कर. आत्ताच. परत उठेल याचा भरवसा नाही."

कॉपी होता होता मी फी चुकती करायला घेतली. एक जुनं हळदीकुंकू उघडलं. काका स्क्रीनजवळ वाकले.

"मोठं कर. मागे, खांबाजवळ."

खांबाजवळ तिळगुळाचं ताट घेऊन एक बाई खळखळून हसत होत्या. ताट इतकं कललेलं, की लाडू सांडायच्या बेतात.

"या कोण, काका?"

"शांता."

काकूंना मी पाहिलं नव्हतं. मी नागपूरहून इथे येण्याआधीच त्या गेल्या. माझी नजर भिंतीवरच्या त्यांच्या लग्नाच्या फोटोकडे गेली.

"त्यात हसून नाही राहिली ती," काका म्हणाले. "हसतानाचे सारे आमच्या डिस्कवर होते. तीही अशीच फिरेना एक दिवस. मी फिटर माणूस. वाटलं, बेअरिंग जाम झालं."

स्क्रूड्रायव्हर अजून त्यांच्या हातात होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"दोनच थेंब टाकले होते, वर्षा."