ओळख पटवण्याचा अधिकार जनरलला

लागोसच्या एका बंदिस्त वसाहतीत कलम चौदा एकमताने मंजूर झालं: प्रत्येक घरी किमान साठ किलोंचा राखणदार कुत्रा हवा, आणि फाटकात कुणाच्या ओळखीबद्दल शंका आल्यास त्या घरच्या कुत्र्याचा निर्णय अंतिम राहील. कलमाचे जनक सुरक्षा समितीचे अध्यक्ष अडेकोयासाहेब. त्यांनी स्वतः सत्तर किलोंचा बोअरबोल जातीचा कुत्रा आणून त्याचं नाव जनरल ठेवलं. पहिल्याच महिन्यात जनरलने गॅसवाल्याची पोटरी फोडली. समितीने अभिनंदनाचा ठराव केला. जनरलला खाऊ घालणं, फिरवणं ही कामं अध्यक्षांना शोभणारी नव्हती, म्हणून ती त्यांच्या फाटकवाल्या दनलादीकडे आली.

त्या रविवारी साहेबांना चर्चला जायला फाटक उघडून देऊन दनलादी सणासाठी दूर उत्तरेत, आपल्या गावी कानोला निघून गेला. दुपारी लेकीला मागणी घालायला पाहुणे यायचे होते. निळा, पायघोळ, झोकदार अगबाडा सावरत साहेब परतले, तर फाटकात जनरल.

"जनरल, बस!" साहेबांनी इंग्रजीत फर्मावलं. जनरलला कळायची फक्त दनलादीची हाउसा भाषा. त्याने अगबाड्याची डावी बाही जप्त केली.

वरच्या खिडकीतून बाईसाहेब ओरडल्या, "अहो, दोन वाजता पाहुणे येतायत! तिथे काय नाचताय?"

"खाली ये आणि आवर याला!"

"मला तरी कुठे ओळखतो मेला!"

वसाहतीचा पर्यवेक्षक उडोह वही घेऊन आला. "कुत्रा ओळख देत नाही. कलम चौदानुसार आपण अनोळखी इसम."

"अरे, ते कलम मीच लिहिलंय!"

"हो साहेब. फार पक्कं लिहिलंय. पळवाट म्हणून ठेवली नाहीत."

शेवटी कानोच्या वाटेवरच्या दनलादीला फोन गेला. "मालक, बाहेरच्या चौकीत माझा खाकी कोट आहे, तो चढवा. स्टुलावर बसा. आणि मालकासारखं बोलू नका, त्याला ते खपत नाही."

साहेबांनी कोट चढवला. जनरलने हुंगलं आणि त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. साहेबांना अगदी भरून आलं. इतक्या प्रेमाने त्याने त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या. साहेबांनी जनरलचा पट्टा धरून फाटक उघडलं. मुलाच्या वडिलांनी भेट म्हणून आणलेल्या कंदांची टोपली त्यांच्या डोक्यावर ठेवली. "मामा, मालकांना वर्दी द्या."

जनरलचा कान उभा राहिला.

"मालक बाहेर गेलेत," साहेब हळूच म्हणाले.

वर मालकांशिवायच लग्न ठरलं. जोलोफ भाताचा वास तेवढा स्टुलापर्यंत आला. निघताना मुलाचे वडील जनरलकडे बघत थांबले. "काय राखण आहे! असलाच एक आम्हालाही घ्यायचाय. परका माणूस आत पाऊल टाकूच शकणार नाही."

"नाही टाकू शकत," साहेब म्हणाले.

पुढच्या सभेत कलम पंधरा मंजूर झालं: फाटकवाल्यांना यापुढे रजा नाही. कलम चौदा जसंच्या तसं राहिलं.

तुम्ही हसा, हसायला काहीच हरकत नाही. फक्त घरी गेल्यावर आपला कुत्रा कुणाच्या हातचं खातो ते बघून घ्या, आणि त्या माणसाचा कोट आपल्या अंगाला होतो का, तेही.