मावशी, अंगणाच्या मापाची

आमच्या कलाशाळेत माझ्याइतका प्रतिभावान विद्यार्थी आजवर झालेला नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. सध्या हे मत माझ्या एकट्याचंच आहे, पण कुठूनतरी सुरुवात व्हावीच लागते!

वर्षाच्या शेवटी डेल्डनबाईंनी आम्हाला काम दिलं. एकच चित्र घ्यायचं आणि वेगवेगळ्या साहित्यात, वेगवेगळ्या मापांत पुन्हा पुन्हा करायचं. "कागदावर करा, कापडावर करा, हवं तर घराएवढं करा," बाई म्हणाल्या, "पण चित्र तेच राहिलं पाहिजे. नाही राहिलं, तर वर्ष पुन्हा!"

बाकीच्यांनी पवनचक्क्या आणि सायकली घेतल्या. मी माझी आफका मावशी घेतली. मी तिच्याकडेच राहतो, त्यामुळे शोधाशोध नको. एकदा चिखलाच्या बुटांनी मी थेट स्वयंपाकघरात शिरलो आणि मावशी कडाडली. तेवढ्यात मी फोटो काढला. उगारलेलं बोट आणि आ वासलेलं तोंड! अख्खी मावशी त्यात उतरली होती.

मग मी तिला पेन्सिलीनं काढलं, कोळशानं काढलं, लाकडावर कोरून छापलं, टपालाच्या तिकिटाएवढं केलं. एका रुमालावर भरतकामही केलं.

"मेल्या, आता लोकांनी माझ्या तोंडाला नाक पुसायचं का?" मावशी म्हणाली.

"मावशी, ही कला आहे!"

"कला बाहेर कर. आणि बूट काढ!"

शेवटचं काम घराएवढं नाही, पण दाराबाहेरच करावं लागेल एवढं झालं. जुने पडदे शिवले, आत पेंढा ठासला, वरून कागदाचा लगदा थापून चेहरा केला. तोंड तर असं उघडं की आत चिमण्यांनी बिऱ्हाड केलं असतं! लगदा ओला होता आणि मागच्या बागेत ऊन येत नाही. म्हणून मावशी सकाळी पोहायला गेल्यावर मी ते धूड पुढच्या अंगणात बाकावर बसवलं, रस्त्याकडे तोंड करून. ते आगगाडीत मावणार नव्हतं, म्हणून डेल्डनबाईच बघायला यायच्या होत्या. त्यांना आणायला मी सायकल काढून स्टेशनवर गेलो.

इथे आमच्या गावातल्या कुणीही कपाळावर हात मारला असता! आमच्या नेदरलँड्समध्ये बाई पन्नाशीची झाली की तिच्या दारात भलीमोठी बाहुली बसते. तिला सारा म्हणायचं. दारात सारा दिसली की विचारायचं काही उरत नाही. माळा लावायच्या, खुर्च्या गोल मांडायच्या आणि केक खायचा. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. पण मी कलावंत पडलो. मला अंगणात फक्त कलाकृती दिसली!

परत आलो तर दारात फुगे, कुंपणावर माळा, खोलीत खुर्च्यांचं रिंगण, आणि मधोमध ओल्या केसांची मावशी. शेजारच्या रुलीकाकूंनी सगळी गल्ली गोळा केली होती.

"योरिट! अभिनंदन रे, मावशीच्या पन्नाशीबद्दल!" काकूंनी माझा हात गदागदा हलवला. मग त्यांनी बाईंचा हात धरला. "तुमचंही अभिनंदन!"

"तुमचंही!" बाई सवयीनं म्हणाल्या, आणि तिथेच अडकल्या. कारण आमच्याकडे एकाचं अभिनंदन केलं की रिंगणातल्या प्रत्येकाचं करावं लागतं. बाईंनी सगळ्यांशी हात मिळवले आणि केक हातात घेऊन खुर्चीत बसल्या.

मी मावशीला गाठलं आणि कुजबुजलो, "अगं, पन्नास? आई तुझी धाकटी बहीण, तिची सारा बसून गेली की!"

"हळू बोल!" मावशीनं मला कोपरानं ढोसलं. "तिकडे माइन्डर्ट बसलाय."

आता लक्षात आलं. माइन्डर्ट बाजारात चीज विकतो आणि मावशीला नेहमी एक तुकडा जास्त देतो. तो एकोणपन्नासचा. मावशीनं त्याला आपलं वय 'पन्नाशीच्या आसपास' असं सांगून ठेवलं होतं. चोपन्न हे आसपासच आहे म्हणा! गावानं तिला पन्नासवर आणून बसवलं होतं आणि ती तिथून हलायला तयार नव्हती.

केक संपवून बाई उठल्या. "योरिट, समारंभ छान आहे. पण तुझं मोठं काम कुठे आहे?"

"बाई, ते काय, अंगणात!"

बाईंनी खिडकीतून पाहिलं. "ती? अरे, ती तर सारा आहे. येताना दोन दिसल्या."

"सारा नाही बाई, मावशी आहे!"

"मग एवढ्या माणसांपैकी एकालाही ती मावशी का वाटली नाही?" बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "चित्र तेच राहिलं नाही, योरिट. वर्ष पुन्हा करावं लागेल."

 माझी सगळी प्रतिभा तिथल्या तिथे आटली. मी मावशीकडे पाहिलं. मावशीनं माइन्डर्टकडे पाहिलं. तो बिचारा मिशीला केकचं क्रीम लावून हसत होता. मग तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या बुटांकडे!

"आणखी एक वर्ष? हा? माझ्या घरात?" मावशी ताडकन उठली. "अहो बाई, थांबा! ती सारा नाही! या गाढवानं महिनाभर राबून मला केलंय! आणि मी पन्नासची नाही! चोपन्नची आहे! चो-प-न्न!"

बोट उगारलेलं, तोंड आ वासलेलं! खिडकीच्या अलीकडे एक मावशी आणि पलीकडे दुसरी. बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवली.

"तोंड जरा लहान झालंय," त्या म्हणाल्या. "पण तीच आहे. पास!"

मला रडूच आलं. खरंच सांगतो, मावशीच्या गळ्यात पडलो.  माइन्डर्ट उठला. "चोपन्न?" तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं, पन्नाशीच्या मानानं जरा थकलेली दिसतेस. चोपन्नला झकास आहेस!"

मावशीनं त्याला केकचा दुसरा तुकडा द्यावा की तोच डोक्यात घालावा, हे तिला ठरवता येईना. शेवटी दिला.

माणसं पांगताना रुलीकाकू माझ्या कानाशी लागल्या. "योरिट, पुढच्या महिन्यात माझी जाऊ पन्नाशीची होतेय. ही बाहुली देशील? फक्त तोंड तेवढं बंद करून दे. माझी जाऊ फार शांत आहे."

"काकू, ही कलाकृती आहे!" मी बाणेदारपणे म्हणालो.

"ने गं, रुली!" मावशी आतून ओरडली. "माझ्या अंगणातून हलव एकदाची!"

बाणेदारपणा तिथेच संपला. मी लगदा कालवला आणि ते तोंड बुजवायला बसलो. जीव तुटत होता हो! त्या तोंडातच तर सगळी मावशी होती. बुजवून झालं, आणि उरली एक अनोळखी, मवाळ, गरीब गाय!

मावशी हात पुसत बाहेर आली. मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे पाणावले.

"आता बघ," ती म्हणाली, "आता कुठे हुबेहूब मी वाटते!"