शैलेंद्रची सुरक्षा तपासणी आणि संध्याताईंची भिशी

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या चिप-मशीनवाल्या कंपनीत बारा वर्षं काढलेल्या शैलेंद्र केतकरला सरकारी सुरक्षा तपासणीची अजिबात भीती नव्हती. त्याचं जुनं प्रोजेक्ट जूनमध्ये संपत होतं. नवं काम संरक्षण खात्याचं, त्यासाठी तपासणीतून पास होणं भाग होतं. नापास झाला तर जूननंतर नोकरी नाही, असं साहेबाने हसत हसत सांगून ठेवलं होतं.

"आमच्या सात पिढ्यांत कुणी कुणाचा छदाम ठेवला नाही," तो बायकोला म्हणाला. "तपासू देत काय तपासायचं ते."

पंधरा वर्षांच्या संसारात उत्तराने नवऱ्याची अशी वाक्यं बरीच ऐकली होती, आणि निस्तरलीही होती.

फॉर्ममध्ये विचारलं होतं, टॅक्स रिटर्न सगळ्या वर्षांची भरली आहेत का?

"टॅक्स तर कंपनीच कापते," म्हणत शैलेंद्र 'हो'वर टिचकी मारणार, तेवढ्यात उत्तराने चपलांच्या कपाटातून निळ्या पाकिटांचा गठ्ठा आणून पुढ्यात ठेवला. या देशात निळं पाकीट म्हणजे टॅक्सवाले, हे शेंबडं पोरही सांगेल.

"ही उघडली का नाहीत?"

"तूच म्हणालास. पहिलं आलं तेव्हा पितृपक्ष होता. मग नवरात्र, मग दिवाळी. सणासुदीला सरकारी कटकट नको म्हणालास. संक्रांतीला आठवण केली, तर म्हणालास पुढच्या वर्षीचं आलं की एकदमच बघू."

तीन वर्षांची रिटर्नं त्याने शनिवार-रविवार बसून भरली. हिशेबाअंती निघालं, की उलट सरकारच त्याचं देणं लागतं. उशिराचा दंड वजा जाता एकोणीस युरो. शैलेंद्र पुन्हा फुगला आणि पुढच्या प्रश्नाला, म्हणजे कर्जाच्या रकान्यात, त्याने झोकात शून्य लिहिलं.

"आणि भिशी?" उत्तराने विचारलं.

संध्याताई चालवत असलेली भिशी बारा जणांची, महिना दोनशे युरोंची. पहिलीच चिठ्ठी शैलेंद्रच्या नावाची निघाली होती, आणि त्या चोवीसशेत मुलांना शाळेत सोडायला पुढे पेटी असलेली सायकल आली होती. त्याचे पाच हप्ते अजून बाकी होते.

"भिशी म्हणजे काय कर्ज असतं?"

"पैसे आधी उचललेस, फेडतोयस नंतर. तुमच्या सात पिढ्या याला काय म्हणायच्या?"

इथे शैलेंद्रला अक्कल सुचली, आणि सगळा घोळ झाला तो त्या अकलेपायी. त्याने संध्याताईंना फोन लावला. "ताई, सरकारकडून कुणी माझी चौकशी केली, तर भिशीबिशी काही नाही म्हणून सांगा."

"बरं," संध्याताई म्हणाल्या.

तास उलटला नाही तोच भिशीतले अजित आणि हिमानी 'सहज' अळूवडी घेऊन आले. मग मोरेश्वर आला. मग आणखी तिघं आणि शेवटी खुद्द संध्याताई. सात माणसं चहा पीत बसली आणि हवापाण्याच्या गप्पा मारू लागली.

"मे महिन्यातली भारताची तिकिटं काढलीत म्हणे," संध्याताई म्हणाल्या.

"हो. परतीची आहेत."

"परतीची रद्द करता येतात," अजित अगदी मायेने म्हणाला.

शैलेंद्रचा चेहरा पडला. उत्तराच्या दोन्ही बाळंतपणांत याच माणसांनी महिनामहिना डबे पुरवले होते, आणि आता तीच त्याच्याकडे पळपुट्यासारखं बघत होती. त्याला फार लागलं ते. उरलेले हजार युरो त्याने तिथल्या तिथे संध्याताईंच्या खात्यात भरले. पण तिकिटांनी त्याचं स्वतःचं खातं आधीच कोरडं पडलं होतं, म्हणून ते हजार त्याला बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घेऊन द्यावे लागले. कर्ज नाही हे दाखवण्यासाठी त्याने आयुष्यातलं पहिलं रीतसर कर्ज काढलं.

रात्रभर तळमळून त्याने शून्य खोडलं आणि सगळं खरं लिहून टाकलं. मुलाखत घ्यायला आलेल्या मारलूस नावाच्या बाईंनी ते दोनदा वाचलं.

"बारा जण. ना कागद, ना सही, ना व्याज. आणि आजवर कुणी बुडवलं नाही?"

"नाही."

"तुमच्या पैशांबद्दल या लोकांना काय काय माहीत आहे?"

"सगळंच," शैलेंद्र म्हणाला. "तिकिटंसुद्धा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कर्ज असणं हा गुन्हा नाही. धोका असतो तो लपवण्यात. लपवलेल्या गोष्टीवरून माणसाला कुणीही दाबू शकतं. पण तुमचं लपलेलं असं काहीच दिसत नाही."

मे महिन्यात मंजुरीचं पत्र आलं. नोकरी वाचली. शैलेंद्रने पत्राला हळदकुंकू वाहिलं, भारतात जाऊन तिकिटाप्रमाणे परतही आला, आणि भिशीची नवी फेरी सुरू व्हायच्या दिवशी पेढे घेऊन संध्याताईंकडे गेला. या देशाची गुपितं सरकारने विश्वासाने आपल्या हवाली केली आहेत, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं.

"छान झालं हो," संध्याताई मनापासून म्हणाल्या. पेढा तोंडात टाकून त्यांनी चिठ्ठ्यांचा वाडगा हलवला आणि त्याच्याऐवजी हिमानीपुढे धरला. "तू बस निवांत. चिठ्ठ्या अकराच टाकल्यात. बारावा नंबर तुझा."