कवितातपासनीस गोजराबाई

एका जंगलात कवी पुष्कळ होते, वाचक मात्र एकही नव्हता. तुम्हांला हे खरं वाटणार नाही, मुलांनो. तुम्ही अजून लहान आहात.

त्या जंगलात भिवसन नावाचा एक साळिंदर राहत असे. अंगावर हातभर काटे, पण कवितेखाली सही करायचा 'मृदुल'. लिहायला त्याला काही विकत आणावं लागत नसे. पाठीवरचा एक काटा उपटला की झालं. पळसाच्या पानावर तो संध्याकाळच्या, विरहाच्या आणि ओल्या मनाच्या कविता लिही. मग ते पान घेऊन ऐकणारं कुणी सापडतंय का ते शोधत हिंडे.

तो दिसला की सशाला घरी पाहुणे आल्याचं आठवे. हरणाच्या पोटात कळ येई. कासवसुद्धा चटकन निसटे. घरी बायको पारू कंद सोलता सोलता ऐकायची आणि कविता अर्ध्यात असतानाच "छान झाली हो" म्हणून चुलीकडे वळायची.

अशात युद्ध सुरू झालं.

कारण साधं होतं. ओढ्याच्या काठावर एक उंबर होता. त्याचं मूळ या जंगलात, आणि फळं पडत पलीकडच्या जंगलात. इथला राजा गवा होता. (सिंह नव्हता. सिंह दुसऱ्या गोष्टींमध्ये अडकलेले असतात.) तो म्हणाला, "मूळ ज्याचं, फळं त्याची." पलीकडचा राजाही गवाच होता. तो म्हणाला, "फळ जिथे पडलं, तिथलं." झालं. दोन्ही काठांवरून कवठं फेकायला सुरुवात झाली. कवठ कपाळावर बसलं की काय होतं ते पारूच्या भावाला, धर्माला, पहिल्याच चकमकीत कळलं. त्याला बरेच दिवस सगळं दोन-दोन दिसत होतं.

युद्ध लागलं की साहित्यालाही जोर चढतो. काजव्यांवर लिहिणाऱ्यांनी ज्वाळांवर लिहायला घेतलं. सशाने 'रक्ताचा अभिषेक' नावाचा पोवाडा रचला आणि बिळात बसून गायला. पळसाची पानं सैनिकांच्या पत्रावळींसाठी जमा झाली, म्हणून कवी आपट्याच्या पानांवर लिहू लागले. पान एवढंसं, त्यामुळे खंडकाव्यं बंद पडली. युद्धाचा एवढा फायदा सगळ्यांनी मान्य केला.

मग राजाने दवंडी पिटवली. कवितेतून शत्रूला निरोप जाऊ शकतो. तेव्हा यापुढे गोजराबाईंना दाखवल्याशिवाय एकही कविता म्हणायची नाही.

गोजराबाई म्हणजे एक वयस्कर घोरपड. साहित्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण एकदा कशाला चिकटल्या की सुटत नसत, म्हणून राजाने त्यांना नेमलं.

कवी खवळले. वडाखाली निषेधाची सभा भरली. मृदुलने सगळ्यांत मोठ्याने घोषणा दिल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच 'सांज' नावाची कविता घेऊन गोजराबाईंच्या बिळापुढे उभा राहिला.

गोजराबाईंनी पान घेतलं. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. आता यांना काहीतरी काम आठवणार, म्हणून मृदुल वाट पाहू लागला. पण त्या तिसऱ्या ओळीवर गेल्या.

"'मन झाले ओले,'" त्या म्हणाल्या. "कशाने?"

"कशाने म्हणजे?"

"ओढ्याच्या पाण्याने का? ओढ्यावर आपली चौकी आहे. तिथे कुणी ओलं होऊन आलं, तर मला कळायला पाहिजे."

"विरहाने, बाई."

"कुणाच्या?"

मृदुलने डोकं खाजवलं. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "लहानपणी आमच्या शेजारी एक मुंगूस राहायचं. आम्ही सारखे बरोबर असायचो. एक दिवस त्यांचं बिऱ्हाड उठलं. कुठे जातो ते सांगितलंच नाही त्याने."

"मग तसं लिहा की. मुंगूस गेलं म्हणावं. आणि या शेवटच्या चार ओळी काढा."

"राज्याला धोका आहे त्यांच्यात?"

"धोका कसला. वर सांगितलंय तेच परत सांगितलंय."

मृदुल रडत घरी आला. पारूने हातातला कंद खाली टाकला.

"मारलं का हो तुम्हांला?"

"नाही गं," मृदुल हुंदके देत म्हणाला. "शेवटपर्यंत वाचली."

ही बातमी जंगलभर पसरली. गोजराबाईंच्या दारात कवींची रांग लागली. निषेधाची पुढची सभा रद्द करावी लागली, कारण सगळे वक्ते रांगेत होते. गोजराबाई कुणाला सोडत नव्हत्या. "रक्ताचा अभिषेक म्हणता, तर रक्त कुणाचं?" असं त्यांनी सशाला विचारलं. "आणि तेव्हा तुम्ही कुठे होता?" सशाने पोवाडा मागे घेतला आणि बिळात बसून भीती कशी वाटते, त्यावर आठ ओळी लिहून आणल्या. गोजराबाईंनी त्या दोनदा वाचल्या. "संशयास्पद आहे," त्या म्हणाल्या. "ठेवून जा." त्या दिवसापासून 'ठेवून जा' हा जंगलातला सगळ्यांत मोठा सन्मान समजला जाऊ लागला.

असं ते वर्ष साहित्याला फार चांगलं गेलं. कपाळांना वाईट गेलं.

मग एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. उंबर ओढ्यात पडला आणि वाहून गेला. भांडायला काही उरलंच नाही. दोन्ही गवे गळाभेटीला गेले, त्यांची शिंगं एकमेकांत अडकली, ती सोडवता सोडवता तह झाला.

मृदुल नवी कविता घेऊन गेला, तर गोजराबाई खडकावर ऊन खात पडलेल्या.

"आता दाखवायला नको," त्या म्हणाल्या. "तह झाला."

"तरी बघा ना. उगीच आपली."

गोजराबाईंनी पान उलटसुलट केलं आणि परत दिलं. "मन लागत नाही हो. आधी कसं, प्रत्येक शब्दाआड शत्रू बसलाय असं वाटायचं. आता तुमच्या कवितेत काय धोका आहे?"

मृदुलला आयुष्यात कुणी इतकं लागेलसं बोललं नव्हतं.

तो घरी आला. पारू आनंदात होती. धर्माला आता सगळं एकेकच दिसत होतं आणि तो जेवायला यायचा होता. मृदुलने कविता काढली. "जेवणं झाल्यावर," पारू म्हणाली.

मृदुल तसाच ओढ्यावर गेला आणि त्याने एक कवठ उचललं. तो वाईट नव्हता, मुलांनो. त्याला फक्त एक लहानसं युद्ध हवं होतं. एका कवितासंग्रहापुरतं.

त्याने हात उगारला आणि समोर पाहिलं. पलीकडच्या काठावर एक खवल्या मांजर कवठ उगारून उभं होतं. दोघेही ओशाळले.

"आपणही कवी का?" मृदुलने विचारलं.

"हो. तुमच्याकडेही तपासणी बंद झाली?"

"झाली की. आमच्या बाई फार बारकाईने वाचायच्या."

"आमचे साहेबही," खवल्या मांजर म्हणालं, आणि दोघांनी कवठं खाली ठेवली. मग दोघांना एकदमच सुचलं. आपण एकमेकांना का वाचून दाखवू नये?

गोष्ट इथे संपली असती, तर तात्पर्य फार सुंदर निघालं असतं.

"तुम्ही आधी," मृदुल म्हणाला. हे म्हणायची पद्धत असते, पण खवल्या मांजराने ते खरं धरलं आणि सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला मृदुलच्या लक्षात आलं की चुलीवर आपण काहीतरी ठेवलंय. तिसऱ्या कडव्याला त्याने खाकरून विचारलं, "झाली?"

"अजून पुष्कळ आहे."

"तोवर मी माझी म्हणून घेतो."

मग दोघांनी एकदमच म्हणायला सुरुवात केली. आवाज चढत गेले. पहिलं कवठ कुणी मारलं, यावर दोन्ही जंगलांच्या इतिहासकारांचं एकमत नाही. मृदुलचं कवठ खवल्यांवरून उसळलं आणि पाणी पीत असलेल्या पलीकडच्या राजाच्या नाकावर बसलं. एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे.

संध्याकाळपर्यंत युद्ध पेटलं. धर्मा भरल्या ताटावरून उठला आणि चौकीवर गेला. पारू त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. त्या दिवशी तिने कशालाच छान म्हटलं नाही.

सकाळी गोजराबाईंच्या दारात पहिला नंबर मृदुलचा होता. त्याने 'भंग' नावाची कविता आणली होती. गोजराबाईंचे डोळे चमकत होते.

"'कुणी मोडली ही शांतता?'" त्यांनी वाचलं आणि वर पाहिलं. "कुणी?"

मृदुलने काटे सावरले.

"बाई," तो म्हणाला, "कवितेत काही गोष्टी संदिग्धच ठेवाव्या लागतात."

तात्पर्य: कुणी कविता वाचून दाखवू लागलं, तर उठून जाऊ नये. शेवटपर्यंत ऐकावं, मध्ये एखादा प्रश्नही विचारावा. सैन्यात न जाता देशाचं रक्षण करण्याचा याहून स्वस्त मार्ग अजून सापडलेला नाही.