एक लाख ब्याण्णव हजार सातशे अकरा माश्या

पेटीच्या तळातून मध गळायला लागला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मध असा आपोआप गळतो तो आतलं मेण मऊ पडून पोळं तुटलं की. मग माश्या आपल्याच मधात बुडून मरतात. कर्नाटकच्या हद्दीवरचा तपासणी नाका, सावली कुठे नाही, आणि टेम्पोत माझ्या सोळा पेट्या दारं लावून बंद. त्या वेळी आमचे वाघमारे नाक्यावरच्या साहेबाला शांतपणे सांगत होते, "एक लाख ब्याण्णव हजार सातशे अकरा. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"कुणी मोजल्या?" साहेबाने विचारलं.

"सही माझीच आहे."

हे वाघमारे माझ्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहतात. आमचं गाव द्रोणागिरी डोंगराला लागून. आमची भातशेती होती तिथे आता गोदामं आहेत. डोंगराच्या पायथ्याशी एक तुकडा तेवढा राहिला, त्यावर मी मधमाश्यांच्या पेट्या ठेवते. मालक गेल्यावर शिकले. माझं शाळेतलं शिक्षण चौथी. माश्यांना तेवढं पुरतं.

वाघमारे मराठवाड्यातले. सगळी नोकरी निरनिराळ्या तपासणी नाक्यांवर कारकुनीत गेली. आता वय सदुसष्ट. बायको कधीच वारली, मूलबाळ नाही. राहायला आले तेव्हा एक ट्रंक, एक टेबल आणि चार रबरी शिक्के घेऊन आले. शिक्के सरकारी नाहीत, स्वतःचे करून घेतलेले आहेत. 'मिळाले', 'पाहिले', 'तपासले' आणि 'परत'. लाइटबिलावर शिक्का, किराणाच्या चिठ्ठीवर शिक्का. माझ्या नातीच्या लग्नाची पत्रिका दिली तर त्यांनी ती नीट वाचली, 'तपासले' मारला आणि म्हणाले, "अक्का, वारात चूक आहे." चूक होती. सगळ्या पत्रिका परत छापल्या. व्याही अजून माझ्यावर चिडून आहेत.

त्यांना एका शब्दाचा राग. 'अंदाजे.' मी म्हणायचे, पाहुणे आठ-दहा येतील. ते विचारायचे, "आठ की दहा?" एकदा वाशीच्या मार्केटातून दोन डझन आंबे आणले. घरी मोजले तर पंचवीस. दुसऱ्या दिवशी एक आंबा पिशवीत घालून, दोन बस बदलून, परत करायला गेले. व्यापाऱ्याला वाटलं आंबा सडका निघाला म्हणून भांडायला आला. त्याने वर एक चांगला दिला. आता दोन जास्त झाले. वाघमाऱ्यांनी दोन्ही त्याच्या गादीवर ठेवले आणि निघून आले. मी म्हटलं, "खायचे ना." ते म्हणाले, "कुणाचे समजून खाऊ?"

अशा माणसाच्या हाती मी माश्यांचे कागद दिले.

दिले, कारण दुसरं कुणी नव्हतं. आमच्याकडे फुलोरा संपत आला होता. माश्यांना मी साखरेचा पाक पाजत होते, पण पाकावर किती दिवस काढणार? कर्नाटकात सूर्यफूल फुललं होतं. तिकडे न्यायच्या तर परवाना पाहिजे, माश्या निरोगी असल्याचा दाखला पाहिजे, मध-मेण आणायचं त्याचा वेगळा कागद. मी दोन महिने कचेरीत चकरा मारल्या. एका टेबलावरचा म्हणे त्या टेबलावर जा. शेवटी एक दिवस घरी येऊन जिन्यात बसून राहिले. वाघमाऱ्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला आणि चष्मा पुसला.

"अक्का, हा जनावरांचा फॉर्म आहे."

"माझी तीच जनावरं."

"मग भरू."

त्यांनी तो भरला. रंग, पिवळा, त्यावर काळे पट्टे. शिंगे, नाहीत, खात्री केली. ओळखीची खूण, सर्वांची एकच. संख्या या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला.

कचेरीतला बाबू म्हणाला होता, "लिहा ना दोन लाख, कोण मोजणार आहे?"

तो असं बोलला ही त्याची चूक. वाघमारे मोजणार होते.

तीन आठवडे मोजल्या. माश्या बाहेरून परत आल्या की संध्याकाळी मी एकेक चौकट उचलून धरायची, ते मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. फोटो मोठे करून छापून आणायचे आणि दिवसभर टेबलाशी बसून एकेका माशीवर लाल पेनाने टिंब. नर वेगळे, निळ्या पेनाने. कामकरी माशी चावली की मरते हे मी त्यांना सांगितलं, तेव्हापासून प्रत्येक डंखाला ते "वजा एक" म्हणायचे. कानाला चावली तरी आधी वजा एक, मग आई गं. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं, 'यानंतरच्या जन्ममृत्यूस मोजणारा जबाबदार नाही.' खाली सही. बाबूने ते बाड पाहिलं आणि परवाना दिला. परवान्यावर लिहिलं, संख्या जोडपत्राप्रमाणे.

दोन महिने जे झालं नव्हतं ते झालं. मी त्या दिवशी वाघमाऱ्यांना बोंबलाचं कालवण दिलं. किती बोंबील ते त्यांनी सांगितलंच.

संध्याकाळी माश्या आत शिरल्यावर दारं लावली आणि निघालो. माझा भाचा हरेश टेम्पो चालवायला. तो पन्नाशीचाच, पण आजोबासारखा कुरकुरतो. वाघमारे म्हणाले, "कागद माझे आहेत, मी येतो." मला बरंच वाटलं. उजाडता उजाडता नाक्यावर पोचलो. ऊन चढायच्या आत शेतावर जायचं होतं.

तिथला साहेब वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. फक्त भित्रा होता. त्याच्या रजिस्टरात 'संख्या तपासली' असा रकाना होता आणि समोर आकडा एक लाख ब्याण्णव हजार सातशे अकरा.

"अज्जी, याच्यावर मी कशी सही करू? एक कमी निघाली तर माझी नोकरी जाईल. अंदाजे असं लिहून द्या, मी लगेच सोडतो."

"अंदाजे नाही लिहिता येणार," वाघमारे म्हणाले. "मोजल्या आहेत."

"मग एक पेटी उघडा. मी मोजून बघतो."

उन्हात पेटी उघडली तर माश्या उडणार, आणि टेम्पो हलला की त्या तिथेच राहणार. मी तसं सांगितलं. साहेब म्हणाला, मग वरिष्ठांना विचारतो. वरिष्ठ फोन उचलत नव्हते. असे आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. गोणपाटं ओली करून पेट्यांवर टाकत होतो, ती सुकत होती. आत माश्या पंख मारून हवा घालत होत्या, टेम्पोला कान न लावता आवाज ऐकू येत होता.

हरेश माझ्याजवळ आला. "आत्ये, यो मानूस आपल्याला मारनार हाय."

मी वाघमाऱ्यांना म्हटलं, "अवो, लिवा ना अंदाजे. तुमच्या बापाचं काय जातंय?"

"अक्का, बत्तीस वर्षांत नाही लिहिलं."

मग मध गळायला लागला. तिथूनच मी सांगायला सुरुवात केली होती.

मी त्यांचा हात धरला आणि तिसऱ्या पेटीपाशी नेलं. बाकीच्या पेट्या गरजत होत्या. ती गप्प होती. त्यांनी पेटीला कान लावला. लाकूड इतकं तापलं होतं की कान भाजला असणार, पण ते तसेच उभे राहिले. मग आत गेले, साहेबाच्या टेबलावरून आपलं जोडपत्र ओढलं, आकड्यावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'अंदाजे दोन लाख.' खाली सही केली. मी शेजारीच उभी होते. अक्षर त्यांचं वाटत नव्हतं.

साहेबाने क्षणात शिक्का मारला.

वाघमारे पुढे बसले नाहीत, पेट्यांबरोबर मागे चढले. वाटेत पाण्यासाठी थांबलो तेव्हा बघितलं, आपल्या प्यायच्या बाटलीतलं पाणीही ते गोणपाटांवर शिंपत होते. मी म्हटलं, पुढे या, मी बसते मागे. ते ऐकेनात. हात न थांबवता म्हणाले, "मी एकदा एक गाडी अडवली होती. कोंबडीची पिल्लं होती. कागदावर एक सही कमी होती."

"मग?"

"आली सही. दुसऱ्या दिवशी."

मी भरलेली बादली वर दिली.

गावातल्या बायका मला म्हणतात, त्या माणसाच्या हट्टापायी एवढं सोसलंस, तरी त्याला घरात ठेवलंस? त्यांना माश्यांतलं कळत नाही. वाघमारे नसते तर सोळाच्या सोळा पेट्या माझ्या दारात उपाशी मेल्या असत्या आणि मी जिन्यात बसून राहिले असते. मला दारात उभं करणारा एकही बाबू नव्हता. या माणसाने माझ्या माश्या एकेक करून मोजल्या, आणि वेळ आली तेव्हा बत्तीस वर्षं जपलेली गोष्ट माझ्यासाठी मोडली. आभार मानायची मला सवय नाही. त्यांच्या तोंडावर बोलले तर ते शिक्का मारतील. म्हणून इथे लिहिते.

दुपार कलताना शेतावर पोचलो. सूर्यफूल लांबपर्यंत पिवळं. पेट्या उतरवल्या, दारं उघडली. चौदा पेट्यांतून माश्या बाहेर आल्या, दोन पेट्यांतून आल्या नाहीत. वाघमाऱ्यांच्या तोंडाची उन्हाने साल निघाली होती, अंगात ताप होता, ते बांधावर आडवे झाले. हरेशने त्यांच्या डोक्यावर आपला ओला टॉवेल ठेवला.

चौदा पेट्या, हरेश, वाघमारे आणि मी. इतके जगलो.