एक जूनचा केक

विद्याधर कर्णिकांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत श्रुतिका एचआर म्हणून रुजू झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यापुढे तक्रार आली. घाटकोपरच्या त्या ऑफिसात तोवर कोणी तक्रार केली नव्हती, कारण करायची कोणाकडे हेच ठाऊक नव्हतं.

आला तो कुंडलिक राणे. जुना मेकॅनिक, गाव कणकवलीकडचं, बोलणं कमी. त्याचा वाढदिवस एक जूनला आणि कर्णिकसरांचाही एक जूनलाच. दरवर्षी सरांच्या नावाचा केक यायचा, सर कापायचे, आणि टाळ्या संपल्यावर कोणाला तरी आठवायचं की अरे, कुंडलिकचा पण आहे ना आज.

"केक नको माका," कुंडलिक म्हणाला. "पण सुरी एकदा तरी माझ्या हातात येवक होयी."

श्रुतिकाला ते पटलं. सरही मोठ्या मनाने म्हणाले, त्याला वेगळा केक आणा. प्रकरण तिथेच मिटायचं, पण संध्याकाळी हेल्पर गुणाजी हजर. त्याचाही वाढदिवस एक जून. मागोमाग अकाउंट्समधल्या प्रेमाताई. पोराची जन्मतारीख माहीत नसली की गावचे मास्तर शाळेत सरळ एक जून लिहून टाकायचे, हे मुलुंडला वाढलेल्या श्रुतिकाच्या गावीही नव्हतं.

तिने सगळ्यांना वेगळे केक कबूल केले. मग प्रश्न आला, आधी कोणी कापायचा? वयाने ठरवावं, तर सालंही मास्तरांनीच घातलेली. त्यात प्रेमाताईंनी बजावलं की चारचौघांत वय काढलंत तर बघा. शेवटी श्रुतिकाने ठरवलं, प्रत्येकाची खरी तारीख शोधायची आणि ज्याचा वाढदिवस त्याच्याच दिवशी करायचा.

गुणाजीच्या आईने सांगितलं, गावची होळी पेटली आणि हा जन्मला. प्रेमाताई कार्तिकातल्या निघाल्या. कुंडलिकची आई राहिली नव्हती, म्हणून आत्याला फोन लावला.

आत्याने ठामपणे एक जूनच सांगितलं. आदल्या दिवशी तिचं लग्न लागलेलं, सकाळी पाठवणी, आणि नेमक्या तेव्हाच वहिनीला कळा सुरू झाल्या.

"सगळी बाळंतिणीकडे धावली," आत्या म्हणाली. "माझ्या पाठवणीक कोणच रडाक नाय."

हे दुःख तिने इतकी वर्षं कोणापाशी काढलं नव्हतं. कंपनीच्या अखत्यारीत येत नसलं तरी श्रुतिकाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

आता उरले सर. सगळ्यांना विचारलं, तेव्हा त्यांनाही विचारणं आलंच. सर हसले. आपण चेंबूरचे, आपला आणि गावच्या मास्तरांचा काय संबंध, असं म्हणत त्यांनी सर्वांसमोर आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"अरे, तू पितृपक्षातला," आई म्हणाल्या. "तुझ्या आजोबांना ते बरं वाटेना, म्हणून शाळेत एक जून घातला."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

एक जूनला एकच केक आला. कुंडलिकने तो इतका सावकाश कापला की जेवणाची सुट्टी त्यातच संपली. पहिला घास त्याने सरांना भरवला. सरांनी तो खाल्ला, टाळ्याही वाजवल्या, पण नजर केकवरच्या नावावरून हलेना.

सगळे पांगल्यावर ते श्रुतिकाच्या दाराशी येऊन घुटमळले.

"मी जरा चौकशी केली," ते आवाज खाली आणून म्हणाले. "आपल्याकडची अर्धी माणसं पितृपक्षात नवीन काही करत नाहीत. म्हणजे माझ्या केकला कोणी येणारच नाही. हे काही बरोबर नाही ना, श्रुतिका?"

"नाही, सर. ऐकून घ्यायलाच हवं," श्रुतिका गंभीरपणे म्हणाली. "पण गुणाजीकाका त्यांची तक्रार घेऊन तुमच्या आधीपासून थांबलेत."

सरांनी मागे वळून पाहिलं. गुणाजी बाकावर सरकला, आणि सर त्याच्या शेजारी जाऊन बसले.