तात्यांचा पोटॅशचा डोस

विठोबातात्या माणसाकडं बघायचे ते पीक समजूनच. आमच्या सणसर गावात कुणी हडकुळा दिसला की त्याला रस्त्यात अडवून म्हणायचे, "पोटॅश कमी पडलंय गड्या तुला!" पोटॅश खतानं उसाला वजन येतं, हा त्यांचा एकमेव धर्म. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याशीही ते यावरून भांडलेले. कमी सांगेल तो चोर. "लिवलंय त्याच्या दुप्पट टाकायचं, मग बघा!"

शेतात ते खपून गेलं. पण ब्याण्णव-त्र्याण्णव साली आक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पायांवर सूज आली. बारामतीच्या डॉक्टरांनी अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या दिल्या आणि जोडीला पोटॅशियमचं पातळ औषध. गावातलं मेडिकल माझंच. मी बाटलीवर बोट ठेवून सांगितलं, "तात्या, दिवसाला एकच चमचा. पेलाभर पाण्यात, जेवल्यावर."

"पोटॅश मला शिकवतो व्हय रं?" तात्या गरजले.

महिन्याची बाटली आठवड्यात संपली. दुसरी मागायला आले तेव्हा माझं टाळकंच सरकलं. "किती देताय?"

"आधी दोन चमचं. अंगात ताकद न्हाय म्हणाली, मग तीन केलं. तरी हातपाय गळाल्यातच. आता चार करतो."

"अहो, त्या औषधानंच गळालेत!" मी ओरडलो. त्यांच्यावर चिडलो होतो, आणि पहिल्या वेळी धोका नीट बजावला नाही म्हणून स्वतःवरही. जीप केली, आक्कांना घालून बारामती गाठली.

नाडी फार मंदावली होती. सगळं ऐकून डॉक्टर तात्यांवर तुटून पडले. "जमिनीत जास्त झालेलं पोटॅश पाण्याबरोबर वाहून जाईल. यांच्या अंगातून एवढं कुठं जाणार? हृदय बंद पडलं असतं!" मीही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. "हट्टापायी बाई मारली असती तुम्ही!"

संध्याकाळी नाडी ताळ्यावर आली. आक्कांनी डोळे उघडले. "त्यांस्नी वरडू नका. आधी त्यांचंबी रगात तपासा. माझ्यासंगं तेबी पित्यात रोज, मी जेवढं तेवढं."

माझा राग पुन्हा उसळला. "तात्या, तुम्हाला काय धाड भरली होती म्हणून प्यायलात?"

तात्या भांडले नाहीत. सदऱ्याची बाही वर सारून त्यांनी डॉक्टरांपुढं हात धरला.

"लय घाण लागतं रं ते. तोंड वाकडं करायला तिला सोबत नको व्हय?"